छातीत गाठ लागली: कोल्हापूरकरांसाठी पहिल्या दिवसापासूनची कागदपत्रं, तपासण्या आणि धावपळ

माझं कोल्हापुरात टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. महिन्यातून एक-दोनदा कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतं आणि ‘ह्या सगळ्याच्या तीन-तीन कॉप्या काढा’ म्हणतं. वरच्याच कागदावर ‘कार्सिनोमा’ दिसतं. मग कॉप्या राहतात बाजूला आणि मी तासभर बोलत बसते. तेच सगळं इथं लिहून काढलंय.

उदाहरण माझ्या आईचं आहे, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचं. तोंडाचा किंवा गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाचा असला तरी कागद, योजना आणि धावपळीचा क्रम बराचसा हाच. मी डॉक्टर नाही. कुठलं औषध, किती, कधी, हे त्यांनीच ठरवायचं. त्याच्या आधीचं आणि मधलं जे घरच्यांच्या अंगावर पडतं, तेवढंच सांगते.

१. आधी सुई, मग सुरी

आईला आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिनं दोन महिने कुणाला सांगितलंच नाही. इथंच पहिली चूक होते. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, त्यामुळं ‘दुखत नाही म्हणजे साधी’ हे डोक्यातून काढा.

दुसरी चूक आमची सगळ्यांची. ओळखीच्या एका दवाखान्यात ‘गाठ आहे, काढून टाकू’ म्हणाले आणि चार दिवसांत काढलीसुद्धा. सुईची तपासणी नाही, मॅमोग्राफी नाही. रिपोर्ट कॅन्सरचा आला, काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ नव्हत्या, आणि महिन्याभरात आईला परत टेबलावर झोपावं लागलं.

खरा क्रम असा: डॉक्टरांनी हातानं तपासणं, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग जाड सुईची बायोप्सी (ट्रू-कट किंवा कोअर म्हणतात), तिचा रिपोर्ट, पसरलंय का ते बघायच्या तपासण्या आणि मगच ऑपरेशन की आधी केमो हा निर्णय. गाठ मोठी असेल तर बऱ्याचदा आधी केमो देऊन ती लहान करतात, आणि कधीकधी स्तन वाचतो. गाठ आधीच काढून बसलं की तो रस्ता बंद होतो.

‘एफएनएसी केलीय’ एवढ्यावर थांबू नका. बारीक सुईत नुसत्या पेशी येतात. जाड सुईत मांसाचा धागा येतो आणि पुढच्या तपासण्या त्याच्यावरच होतात. आणि सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असं सांगणारे पाहुणे येतीलच. त्यांना चहा द्या.

ह्या सगळ्यात आठ-पंधरा दिवस जातात. ते वाया जात नाहीत. झाडपाल्यात तीन महिने जातात, ते मात्र जातात.

२. बरणी, ब्लॉक आणि स्लाईड: ह्यांना सोन्यासारखं जपा

हा भाग नीट वाचा, कारण हे कुणी सांगत नाही.

ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आपल्याकडं पुष्कळदा नातेवाईकाच्याच हातात देतात: ‘एवढं लॅबला पोचवा.’ आईचा माझ्या हातात दिला. पांढऱ्या झाकणाची बरणी, वर चिकटपट्टीवर आईचं नाव. मी ती स्कूटीच्या डिकीत ठेवली, वाटेत दुकान उघडून दोन गिऱ्हाइकं केली आणि संध्याकाळी लॅबला गेले. तिथल्या टेक्निशियननं झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. ‘ताई, ह्यात फॉर्मलिन नाही. साधं सलाईन आहे. कधी काढलंय हे?’

फॉर्मलिन म्हणजे तुकडा टिकवून ठेवणारं रसायन. त्याचा वास नाकात शिरतो, डोळे चुरचुरतात. त्या बरणीला वासच नव्हता. तुकडा फॉर्मलिनमध्ये वेळेत पडला नाही तर तो आतून खराब होत जातो आणि पुढच्या तपासणीचा निकाल भरवशाचा राहत नाही. आईच्या बाबतीत दुसऱ्या ऑपरेशनच्या तुकड्यात गाठीचा भाग सापडला म्हणून निभावलं.

तुम्ही एवढं करा:

- बरणी हातात घेताना विचारा: ‘ह्यात १० टक्के फॉर्मलिन आहे ना?’ तुकडा पूर्ण बुडलेला हवा, द्रव त्याच्या दहापट तरी.
- काढल्यापासून तासाभरात तो फॉर्मलिनमध्ये पडायला हवा.
- बरणीवर नाव, वय, डावी की उजवी बाजू, तारीख आणि काढल्याची वेळ. झाकणावर नको, बरणीच्या अंगावर. झाकणं बदलतात.
- थेट लॅबला जा. पोच घ्या.

लॅबमध्ये त्या तुकड्याचे भाग मेणात बसवतात. तो ब्लॉक, साधारण अंगठ्याच्या पेराएवढा. त्याचे पापुद्रे काढून काचेवर लावतात, ती स्लाईड. दुसऱ्या दवाखान्यात गेलात की पहिला प्रश्न येतो: ‘स्लाईड-ब्लॉक आणलेत?’ नुसता रिपोर्ट चालत नाही, मोठ्या ठिकाणी त्यांचे पॅथॉलॉजिस्ट परत स्वतः बघतात. लॅबकडून ते मागून घेणं तुमचा हक्क आहे. अर्ज द्या, सही करा, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळतो का बघा. पुढं जिथं जमा कराल तिथली पावती घ्या. मेण आहे, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

एका गृहस्थांनी माझ्याकडं स्लाईडची झेरॉक्स मागितली होती. हसू नका, त्यांना कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

३. रिपोर्ट वाचताना

आईच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ होतं. मामानं ते ‘थर्ड स्टेज’ वाचलं, गावाला फोन केला आणि रात्रीपर्यंत राधानगरीहून दोन जीप भरून माणसं आली. रडारड झाली. ग्रेड म्हणजे पेशी दिसायला किती बिघडल्यात. स्टेज म्हणजे रोग शरीरात किती पसरलाय. दोन्हींचा आकडा एकच असेल असं काही नाही. आईची स्टेज दुसरी निघाली.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये ‘आयएचसी’ ही त्याच तुकड्यावरची पुढची तपासणी लागतेच. तिच्यात तीन नावं बघा: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोनपैकी एक जरी पॉझिटिव्ह असलं तर हार्मोनच्या गोळ्या उपयोगी पडतात. हर-टू शून्य किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. आणि २+ आला तर ते ना धड हो, ना धड नाही. त्यासाठी ‘फिश’ नावाची आणखी एक तपासणी करावी लागते. ‘२+ म्हणजे थोडंसं आहे’ म्हणून ती टाळू नका, महागडं औषध द्यायचं की नाही हे तिच्यावरच ठरतं.

पेट-सीटी, म्हणजे रोग अंगात कुठं-कुठं आहे ते दाखवणारा स्कॅन, प्रत्येकाला लागत नाही. लवकरच्या टप्प्यात डॉक्टर ती सांगत नाहीत, तर तुम्ही हट्ट धरू नका. सांगितली तर सहा तास उपाशी, पाणी चालतं, साखर आटोक्यात हवी. डायबेटिस असेल तर इन्शुलिनचं आधीच विचारा. आणि टोचलेलं किरणोत्सर्गी औषध अंगात असतं, म्हणून त्या दिवशी घरी आल्यावर नातवंडांना मांडीवर घ्यायचं नाही.

पेशंटला सांगायचं की नाही? आम्ही नाही सांगितलं. ‘गाठीचं इन्फेक्शन आहे’ म्हणालो. रिक्षा दवाखान्याच्या दारात थांबली, आईनं मान वर केली, बोर्ड बघितला आणि म्हणाली, ‘चौथी शिकलीया मी. काय झालंय त्ये सरळ सांग की गं.’ त्या दिवसापासून तीच डॉक्टरांना प्रश्न विचारायला लागली, आणि माझ्यापेक्षा बरे विचारायची.

४. फाईल: हा माझा धंदा आहे, ऐका

घरातल्या एकाच माणसाकडं फाईल द्या. चार भावांकडं चार रिपोर्ट असले की ऐनवेळी पाचवा हरवतो.

- सगळ्यात वर एक पान, हातानं लिहिलेलं चालेल: नाव, वय, निदान, आतापर्यंत काय झालं तारखेनिशी, बीपी-शुगरच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, दोन फोन नंबर. नवा डॉक्टर तेवढंच आधी वाचतो.
- त्याखाली तारखेप्रमाणे रिपोर्ट, ताजा वर.
- स्कॅनच्या सीडी वेगळ्या पाकिटात, वर तारीख.
- मूळ कागदांचा एक संच, झेरॉक्सचे दोन. मोबाईलमध्ये फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सॲपवर.
- बिलं, औषधाच्या पावत्या. गुळगुळीत कागदावरची पावती आणि ईसीजी त्याच दिवशी झेरॉक्स करा. ते अक्षर काही महिन्यांत उडून जातं.
- लॅमिनेशन करू नका. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारता येत नाही. हे सांगून मी स्वतःचंच गिऱ्हाईक घालवते.

५. पैसे: योजनेचं काम भरती व्हायच्या आधी

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना पूर्वी पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती होती. आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे, आणि आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन त्यात येतात. मदत क्रमांक १५५३८८.

योजनेतल्या दवाखान्यात, कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो की खासगी, आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. डॉक्टरांच्या आधी त्याला भेटलात तरी चालेल. लागणारं: रेशनकार्ड, पेशंटचं आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, डॉक्टरांनी लिहिलेला उपचाराचा बेत, फोटो. त्यावरून आधी मंजुरी मागवतात.

कुठं अडकता:

*नाव.* आईच्या आधारवर ‘आक्काताई’, रेशनकार्डावर ‘आक्कूबाई’. एवढ्यावरून आम्ही आठ दिवस फिरलो. लग्नानंतरचं-आधीचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मसाल, सगळं आजच जुळवून बघा. कार्डावर नावच नसेल तर शहरात रेशनिंग ऑफिस, गावाकडं तहसील.

*दवाखाना.* योजनेत असलेला प्रत्येक दवाखाना प्रत्येक उपचारासाठी असतोच असं नाही. ‘कॅन्सरची केमो इथं योजनेत होते का?’ असं सरळ विचारा.

*आधी पैसे भरणं.* ‘आत्ता भरा, नंतर योजनेतून मिळतील’ असं कुणी म्हणालं तर थांबा. योजना कॅशलेस आहे. भरलेले पैसे परत मिळतील ह्या हिशोबानं भरू नका.

*अंगठा.* हे मला आईच्या शेजारच्या खाटेवरच्या कागलच्या मावशींकडून कळलं. काही औषधांनी, खास करून कॅपेसिटाबिन ह्या केमोच्या गोळ्यांनी, तळहाताची कातडी सोलते आणि बोटांचे ठसे पुसट होतात. मावशींचा अंगठा मशीन घेईना, ना बँकेत ना रेशन दुकानात. उपचार सुरू व्हायच्या आधी आधारला चालू मोबाईल नंबर जोडून घ्या, म्हणजे ओटीपीवर काम होतं.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करता येतो. त्याला दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला लागतो.

६. मुंबईला जायचं का?

‘टाटालाच न्या’ हे तुम्हाला निदान वीस जण सांगतील. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासूनचं आहे, अनुभव दांडगा आहे आणि गर्दीही तशीच. माझं मत असं: अवघड किंवा दुर्मीळ प्रकार असेल, किंवा इथल्या दोन डॉक्टरांचं जुळत नसेल, तर जा. सल्ला आणि उपचाराचा बेत तिथून घ्या, आणि केमो-रेडिएशन कोल्हापुरात होण्यासारखं असेल तर इथंच करा. दर तीन आठवड्यांनी ओकाऱ्या काढत रात्रभर प्रवास करण्यात काही शौर्य नाही.

जाणार असाल तर महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. रात्री इथून निघते, सकाळी दादरला उतरायचं, तिथून परळ जवळ. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत सवलत आहे: स्लीपर आणि थ्री-टायर एसीला पेशंटचं पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी दवाखान्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन स्टेशनच्या खिडकीवर जायचं. एसटीतही सवलत आहे, दाखला सोबत ठेवा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावं लक्षात ठेवा. जागा मिळेलच असं नाही, त्यामुळं पहिल्या दोन रात्रींची सोय नातेवाइकांकडं बघून निघा.

सोबत काय न्यायचं ते वर आलंच: फाईल, स्लाईड, ब्लॉक, सीडी. एक माणूस रांगेत, एक पेशंटजवळ, म्हणजे कमीत कमी दोघं.

७. केमोचे दिवस

आईची केमो दर २१ दिवसांनी होती. आदल्या दिवशी रक्त तपासायचं आणि पेशी पुरेशा असतील तरच पुढं. कमी असल्या तर तारीख पुढं जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पहिल्या केमोत लाल औषध होतं. संध्याकाळी आई बाथरूममधून ओरडली, ‘रगत पडतंय!’ रक्त नव्हतं, औषधाचाच रंग. एक-दोन दिवस लघवी लाल होते हे आधी सांगून ठेवा. हे औषध सुरू करायच्या आधी हृदयाची टूडी इको करतात, तो रिपोर्ट फाईलमध्ये हवा.

घरात हव्यात अशा वस्तू: चालू बॅटरीचा डिजिटल थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, मऊ ब्रश, औषधं लिहिलेला कागद फ्रिजवर, आणि दवाखान्याचा रात्रीचा नंबर. दिवसाचा नव्हे, रात्रीचा. पहिल्याच दिवशी मागून घ्या.

थर्मामीटर कशासाठी? केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर तो घरचा ताप नव्हे. सकाळपर्यंत थांबायचं नाही, क्रोसिन देऊन ‘उतरतोय का बघू’ करायचं नाही. आधी फोन, मग गाडी. जवळच्या साध्या दवाखान्यात जावं लागलं तर दारातच सांगा, ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली.’

उलटीसाठी डॉक्टरांनी ओलान्झापिन नावाची गोळी दिली. भाच्यानं मोबाईलवर बघितलं आणि जाहीर केलं, ‘आजीला वेडाचं औषध चालू केलंय.’ ती मानसिक आजारात वापरतात हे खरं, पण केमोच्या मळमळीवरही ती चांगली चालते. आई मात्र दिवसभर झोपून राहायची, ताट समोर ठेवलं तरी डोळे मिटलेले. आम्ही गोळी गुपचूप बंद करणार होतो. त्याऐवजी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी मात्रा कमी केली. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमनंही उलट्या तेवढ्याच आटोक्यात राहिल्या आणि गुंगी कमी आली. म्हणून सांगते, त्रास होतोय तर बोला. गोळी स्वतःहून बंद करू नका.

केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात. आईनं आधीच न्हाव्याला घरी बोलावून कापून घेतले. उशीवर पुंजके बघण्यापेक्षा ते बरं पडलं.

८. खाणं आणि पाहुणे

कोल्हापूरकरांना अवघड जाणारा भाग. गंगावेशीला कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन ताकद येते ही आपली श्रद्धा. मामा रोज सकाळी किटली भरून आणायचे. केमोत कच्चं दूध बंद, साफ बंद. पेशी कमी असताना त्यातले जंतू महागात पडतात. तेच दूध उकळून दिलं तर चालतं. उघड्यावरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर, हेही तेवढे दिवस नको.

तोंड आलं की तांबडा रस्सा विसरा. आईला पांढराही झोंबला. मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेली अंडी, दही घरचं, ताजं. मटण ज्यांना चालतं त्यांनी खावं, नीट शिजलेलं आणि बिनतिखटाचं. ‘प्रोटीन पावडर घेतलीच पाहिजे’ असं नाही. गोमूत्र, गव्हांकुर, कुठल्याशा बाबाची पुडी: देणाऱ्याचं मन मोडायचं नसेल तर घ्या आणि ठेवून द्या. काही काढ्यांनी लिव्हरवर ताण येतो आणि केमो थांबवावी लागते.

पाहुण्यांसाठी दारावर मी दुकानात टाइप करून कागद लावला होता: ‘सर्दी-खोकला असल्यास फोनवर बोलावे.’ दोघं रुसले. चालायचंच.

९. रेडिएशन

सोमवार ते शुक्रवार रोज, काही आठवडे. आत दहा-पंधरा मिनिटं, बाहेर थांबणं तास-दीड तास. अंगावरच्या खुणा पुसायच्या नाहीत, तिथं साबण-पावडर लावायचं नाही, सैल सुती कपडे घालायचे. गावाकडून रोज ये-जा करण्यापेक्षा तेवढे दिवस शहरात राहा.

१०. ‘संशोधनात भाग घ्याल का?’

असं विचारलं तर दचकू नका. आज वापरात असलेलं प्रत्येक औषध कुणीतरी असा भाग घेतला म्हणूनच आलंय. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ११ केंद्रांत सुमारे १६०० बायकांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला: ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे भूल द्यायचं साधं स्वस्त इंजेक्शन, टोचलं तर पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सर्जनला ह्याबद्दल जरूर विचारा.

भाग घेताना माहितीचा कागद मराठीत मागा, घरी आणून वाचा, सही नंतर. मध्येच बाहेर पडता येतं आणि त्यानं नेहमीचे उपचार थांबत नाहीत. ‘नवं संशोधन आहे, दोन लाख भरा’ असं कुणी म्हणालं तर मात्र चप्पल घाला आणि निघा.

११. संपल्यावर

संपत नाही, अंतर वाढतं. पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा मॅमोग्राफी, आणि ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनची गोळी निदान पाच वर्षं. ही गोळीच सगळ्यात जास्त लोक मध्ये सोडतात, कारण आता काही दुखत नसतं. आई कॅलेंडरवर रोज फुली मारते. फुली नसली की मी फोन करते.

आईला झालं म्हटल्यावर घरातल्या लेकी-बहिणींनी डॉक्टरांना आपल्याबद्दलही विचारायचं असतं. लहान वयात झाला असेल किंवा घरात दोघी-तिघींना असेल तर रक्ताची जनुकीय तपासणीही सांगतात. मी मॅमोग्राफी करून घेतली. दुकानात आईच्या चार फायली आहेत, त्यांच्या शेजारी आता एक पातळशी माझी आहे. आत एकच कागद, आणि त्याची झेरॉक्स.